बोरूचा वाफा आणि माझा शांत स्वभाव

१ डिसेंबर १९७३
आजपासून राग बंद. काल जानरावच्या डोक्यात तांब्या बसला, तो शेवटचा. तसा मी नुसता फेकला होता. डोकं त्याने मध्ये आणलं. भांडण नेहमीचंच. माझ्या मोरीचं पाणी त्याच्या दारावरून वाहतं. सख्खा चुलतभाऊ, पण माणुसकी म्हणून नाही. गल्लीला उतार काय मी दिला?

वाईट वाटतं ते रुख्मिणीकाकूचं. जानरावची आई, त्याच्याच घरात राहते. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. हा चिखल आणि हाणामारी सुरू झाल्यापासून तिने माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाही. निरोप दिलाय की पाणी साफ कर अन् हात आवर, मंग येईन जेवाले.

२ डिसेंबर
उपाय सापडला! केनवडच्या शाळेत सायन्सचा मास्तर आहे मी, उगाच नाही. मासिकात वाचलं: जर्मनीत गटाराचं पाणी रेती-गिट्टीच्या वाफ्यातून सोडतात, वर बोरू, म्हणजे नाल्याकाठचं उंच गवत, लावतात. मुळांपाशी जंतू राहतात, ते घाण खातात. तिकडे बर्फ पडतो तरी चालतं. आपली थंडी ती काय!

५ डिसेंबर
गल्लीच्या कडेला खड्डा खणला. तळाला चिकणमाती ठोकली. खड्डा आपल्या हद्दीत आला असं जानरावचं म्हणणं. फावडं उगारलं त्याने. मी हात उचलला नाही. पाय उचलला, तो संकल्पात नव्हता. त्याचा एक दात गेला. किडकाच होता.

९ डिसेंबर
नाल्यावरून बोरू आणून लावला. बायको भागिरथा म्हणाली, तुमी गवत लावून राह्यले, मी धुणं कुठं धुवू ते सांगा. तिला शांतपणे समजावलं. समजावताना बादली फुटली.

१६ डिसेंबर, पहाट
हाडं गोठवणारी थंडी. बोरू पिवळा पडला, पाणी काळं ते काळंच. शाळेचा थर्मामीटर गटारात बुडवून पाहिला. जंतू गारठलेत, दुसरं काय! मासिकात उपाय आहे: वाफ्यावर वाळक्या गवताचं पांघरूण घाला. जानरावच्या गंजीतून कडबा आणला. सायन्ससाठी नेलं त्याला चोरी म्हणत नाहीत.

१७ डिसेंबर
जानरावचे बैल सुटले आणि जंतूंचं पांघरूण खाऊन गेले. मी बैलाला काठी घातली. बैलाला मारणं रागात धरत नाहीत. मग जानराव बैलगाडीची उभारी, म्हणजे कडेचा दांडा, उपसून घेऊन आला. मीही काठी टाकली नव्हती. पुढचं नीट आठवत नाही.

२० डिसेंबर (डाव्या हाताने)
उजवा हात मोडला. वाशिमला प्लास्टर केलं. जानरावच्या डोक्याला टाके पडले, म्हणजे एकंदरीत मीच जिंकलो. डॉक्टर म्हणतो, पडून राहा. प्रोजेक्टचं वाटोळं होणार, माझ्याशिवाय बघणार कोण? भागिरथा म्हणाली, मी टाकतो त्याच्यावर पराट्या. टाक म्हटलं. कापसाच्या काटक्यांनी काय होणार!

८ जानेवारी १९७४
बाहेर आलो. वाफ्यातून निघणारं पाणी नितळ! वास नाही, चिखल नाही. थंडी असूनही! भागिरथा म्हणते, तुमी हात नाही लावला म्हणून झालं. मी बिछान्यातून लक्ष ठेवून होतो, हे तिला काय ठाऊक. काकूला निरोप धाडला. उलट निरोप आला: उद्या येतो, भरताचे वांगे मीच आणतो. अजून माझी आवड लक्षात आहे तिच्या. रडू आलं मला. थंडीने डोळ्यांना पाणी येतंच.

९ जानेवारी
सकाळी पाहतो तर जानराव ते नितळ पाणी बादलीने आपल्या वांग्यांना घालतोय! माझं पाणी! घाण होतं तेव्हा माझं म्हणून मला तुडवलं, साफ झाल्यावर ह्याचं? विचारलं तर हसला. म्हणाला, कायले तापून राह्यला माणक्या, उतारानं आलं ते घेतलं. अर्धे वांगे तू ने.

अर्धे! भीक घालतो मला!

राग केला नाही. शांतपणे कुदळ घेतली आणि एका हाताने वाफ्याचा बांध फोडला. बोरू मुळासकट उपटून त्याच्या तोंडावर मारला. घे म्हटलं, आता घाल वांग्यांना! आत साचलेली सगळी घाण भसकन गल्लीत आली. जानरावने काठी उचलली. मी तयारच होतो. पण त्याने ती खाली टाकली आणि गल्लीकडे पाहिलं.

काकू येत होती. अर्ध्या वाटेवर होती. पदरात वांगी, घोट्यापर्यंत काळं पाणी. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काकू, ये ना. ती वळली. जानरावने पाण्यात उतरून तिचा हात धरला, आपल्या घरात नेलं, दार लावलं.

१० जानेवारी
जानरावच्या दारात उभा राहून सकाळपासून शिव्या दिल्या. त्याच्या सात पिढ्या काढल्या, म्हणजे माझ्याही. मला गप्प करायला काकू तरी बाहेर येईल असं वाटलं. कोणी मारायलासुद्धा आलं नाही.