ओपलची परीक्षा आणि माझा खोकला

टकर्स क्रॉसिंग, अलाबामा

आदरणीय व्हर्डेलताईस,

धाकट्या रॉस्कोचा सादर नमस्कार. डेट्रॉइटच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक आहे (पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं).

शनिवारी आपल्या चर्चच्या हॉलमध्ये विद्यापीठातले लोक आले होते. म्हातारपणी माणसं विसरायला का लागतात आणि आपल्या काळ्या लोकांत हे जास्त का दिसतं, याचा अभ्यास करायचाय म्हणे. मला पहिला संशय आला तो तळलेल्या कोंबडीवरून. फुकट, आणि वर आणखी घ्या असा आग्रह! याच अलाबामात डॉक्टरांनी आपल्या आजारी माणसांना चाळीस वर्षं औषध न देता नुसतं बघत ठेवलं होतं, हे मी विसरलेलो नाही (म्हणजे माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, नोंद घ्यावी). म्हणून चर्चचा कारभार बघणारा डीकन या नात्याने आधी मीच परीक्षेला बसलो. कोंबडीचे तीन तुकडे खाल्ले, तेही तपासणीपुरते.

डॉक्टरीण आपल्यातलीच निघाली, इमानी नावाची. संशय दुप्पट झाला. "काका, आज वार कोणता?" म्हणाली. म्हटलं, "बाई, कागदावर तूच लिहिलायस की, मला कशाला विचारतेस?" मग गेंड्याचं चित्र दाखवलं. आपल्या गावात गेंडा पाहिलाय कुणी? मी "शिंगवालं डुक्कर" म्हणालो. तिने काहीतरी खरडलं. मी सहावीत शाळा सोडून कापूस वेचायला गेलो, पण लाकडाच्या गिरणीत तीस वर्षं ओंडक्यांची मापं तोंडी काढली. ते यांच्या कागदात कुठंच विचारलेलं नाही. हे सुनावलं, तर रागवायचं सोडून पोरगी म्हणते, "काका, हेच कुणीतरी सांगायला हवं होतं!" आणि लिहून घेतलं. इतकं गोड बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

मग ओपलची पाळी. तिला पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. माझी बायको पुस्तक न उघडता भजनांची सगळी कडवी म्हणते, तुला माहीतच आहे. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात मला खोकला आला. त्या खोकल्यात पाचातला "रताळं" हा शब्द जरा स्पष्ट उमटला असावा.

इमानी हळूच म्हणाली, "काका, घरीसुद्धा असाच खोकला येतो का हो?"

ताई, वर्षभर खोकतोय मी. चर्चमध्ये लोकांची नावं ओपलच्या कानात सांगतो, तुझा फोन आला की ती अंघोळीला गेलीय म्हणतो. इमानीने पाणी दिलं आणि म्हणाली, "एकट्याने किती दिवस सांभाळणार?"

तरीही मी त्यांच्या संमतीपत्रावर सही केलेली नाही. बावीस पानं आहेत, एकेक ओळ वाचतोय.

तुझा सावध भाऊ,
रॉस्को

ता. क. – सही केली. त्यांना ओपलला वर्षानुवर्षं ओळखणारं आणि खरं बोलणारं माणूस फोनवर हवंय. मी यातल्या निम्म्यातच बसतो, म्हणून तुझा नंबर दिलाय. गुरुवारी फोन येईल. आधी त्यांची उलटतपासणी घे, मग सगळं सांग. ईस्टरला तिने तुला दारातच "कोण हवंय?" विचारलं होतं आणि मी थट्टेवारी नेलं, तेसुद्धा.

ता. क. २ – फोनने भागणार नाही. आज सकाळी ओपल विचारत होती, "ती तुझी उंच बहीण कधी येणार?" नाव आठवलं नाही, पण दोनदा खिडकीशी जाऊन आली. मी रविवार सांगून बसलोय.