स्क्रू केरात गेला नव्हता

अगं,

तू बाजारातून येशील तेव्हा मी डॉक्टरांकडे असेन. जेवायला थांबू नकोस. खिडकीपाशी टेबलावर काचेचा पेला उपडा घातलाय, तो उचलू नकोस. त्याखाली तुझ्या घड्याळाची सुटी चाकं आहेत.

परवा तू केर काढलास आणि स्क्रू गेला, म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. तो केरात गेला नव्हता. माझा हात थरथरला आणि तो चिमट्यातून उडाला. तू गुडघे दुखत असताना टॉर्च घेऊन पलंगाखाली शोधत बसलीस, आणि मी नुसता उभा राहून बघत होतो. मला माफ कर.

तीन महिने हे असंच चाललंय. बाकीची घड्याळं, तुझ्या त्या एकवीस सवती, मी कंटाळा आला म्हणून बंद ठेवलेल्या नाहीत. चावी द्यायला गेलं की चिमटीतून निसटते. तुला सांगायचा धीर झाला नाही.

तुझं घड्याळ चौकातल्या घड्याळवाल्याकडे देऊ. तीस वर्षं मी त्याला 'नुसता सेल बदलणारा' म्हणून हिणवत आलो, आता त्याच्याकडे नाक मुठीत धरून जावं लागेल. तू बरोबर चल.

आज माझ्याच घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल काही केल्या लागेना. शेवटी घड्याळच खिशात टाकून निघालोय. आल्यावर तेवढं मनगटावर बांधून देशील?