पांढऱ्या मेंढ्यांचं कव्हर

अप्पा,

काल कपाट आवरताना तुमची कॅसेट सापडली, तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून कागदावर बोलायचा धीर होतोय, हेही खरंच.

हुमनाबादच्या बसस्टँडवर पानपट्टीला कॅसेटी टांगलेल्या असायच्या. बसची वाट बघत आपण त्यांच्यासमोर उभे. तुम्ही अक्षरं सोडून चित्रं वाचता. "ही बाई रडायलीय का हसायलीय? एक डोळा इकडं, एक रायचूरकडं." नवरदेवाच्या हाताला सहा बोटं काढली होती, ती तुम्हीच मला दाखवलीत. देवानं वीणा बादलीसारखी धरली म्हणून तुम्ही हळहळायचात. धनगरी गाण्यांच्या कव्हरवर तर भारीच राग. "ह्या इलायती मेंढ्या! आपल्या उन्हात आणल्या तर सरबत मागतील." पानवाला हसण्याच्या नादात चुना लावायचा विसरायचा. आपल्या मेंढ्या काळ्या, घोंगडी काळी. पांढरी मेंढी तुम्हाला आजारी वाटायची.

मग तुमच्याच ओव्यांची कॅसेट निघायची ठरली. "शिकलेली पोर हाय माझी, कव्हरचं ती बघंल," असं तुम्ही कॅसेटवाल्या दुकानदाराला ऐटीत सांगितलंत आणि स्टुडिओत काढलेला फोटो माझ्या हातात दिलात. गळ्यात ढोल, खांद्यावर घोंगडी, कपाळभर भंडारा आणि पुढचा दात पडलेलं तोंडभर हसू. तुमचा आयुष्यातला एकुलता एक फोटो. मी तेव्हा गुलबर्ग्याला होस्टेलवर राहून बी.ए. करत होते. माझे वडील शेती करतात, एवढंच मैत्रिणींना ठाऊक. ही कॅसेट तिथल्या दुकानातही टांगली जाईल, कुणीतरी बोट दाखवून खिदळेल, या विचारानंच माझे कान तापले. फोटो मी पर्समधून काढलाच नाही. दुकानदाराला म्हटलं, "अप्पाच नको म्हणतात फोटो." त्यानं तयार चित्रांचा गठ्ठा पुढं टाकला. त्यातून मी एक गोरा तरुण निवडला. हातात बासरी, मागं बर्फाचे डोंगर, पायाशी पांढऱ्याशुभ्र मेंढ्या. मेंढ्या माझ्या लक्षातही आल्या नाहीत. मी फक्त तोंड बघत होते.

कॅसेट आली त्या दिवशी आपल्या अंगणात गाणारी सगळी मंडळी जमली होती. तुम्ही ती उन्हाकडं धरून बराच वेळ बघताय. आता तुम्ही काय बोलणार म्हणून सगळ्यांचे कान टवकारलेले. "पोरगं देखणं हाय," तुम्ही म्हणालात. "पर ढोल कुठं ठिवलाय ह्यानं?" सगळे हसले. मीही हसले. ढोल वाजवणाऱ्या काकांनी विचारलं, "तुजा फोटू कामून न्हाई रं?" तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "मीच नको म्हनलो."

माझंच वाक्य. दुकानदारानं तुम्हाला सांगितलं असणार. मेंढ्यांबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, आणि त्यानंतर बसस्टँडवरही कधी कुठल्या कव्हरला नावं ठेवली नाहीत. पानवाल्यानं एकदा छेडून बघितलं, तर म्हणालात, "आपल्याला काय कळतंय त्यातलं." मी शेजारीच उभी होते. चारचौघांत रागावला असतात, तरी परवडलं असतं.

फोटो होस्टेलच्या खोल्या बदलताना कुठं गेला, मला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा हार घालायला सगळ्या घरानं तो शोधला. मीही ट्रंका उचकल्या, आपल्याला काही ठाऊकच नसल्यासारखं.

काल कॅसेट माझ्या लेकीच्या हातात पडली. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. इथं पुण्यात आमच्याकडं टेप उरलेला नाही, त्यामुळे तुमचा आवाज काही तिला ऐकवता आला नाही. ती नुसतं कव्हरच बघत बसली.

"आई, हे आजोबा? कसले देखणे होते गं!"

मी हो म्हटलं, अप्पा.