जेवलेला ळ

३ मार्च

आजपासून जुन्या शाळेची गल्ली 'शिस्त मार्ग' झाली. जुनी पाटी बाबांच्या हातची. तिच्यावर पांढरा रंग मीच मारला. आता कोपऱ्याकोपऱ्यावर 'वेळ पाळा' लिहायचंय — अशा चाळीस पाट्या!

टर्पेंटाइनचा वास आला की बाबाच आठवतात. खडू लावलेल्या दोरीचं एक टोक ते धरायचे, दुसरं ताई; मधे टिचकी मारायचं काम माझं. भिंतीवर सरळ रेघ आणि तिघांच्या नाकावर भुकटी. त्यांचा ळ जगावेगळा — दुसरं पोट मोठं, शेपूट आत वळवलेलं. "जेवलेला ळ," म्हणायचे. आम्हा दोघांनाच शिकवला. नऊ वर्षांपूर्वी त्यांना चौकशीला नेलं. मग नुसता कागद आला: आजाराने निधन. तोंडही बघायला मिळालं नाही.

५ मार्च

गिरणीच्या भिंतीवर सकाळी कुणीतरी लिहिलेलं सापडलं — 'सगळं आठवतंय'. पाटी खात्याच्या साहेबांनी फोटो दाखवला. "कुणाचा हात हा? पंधरा दिवसांत नाव पाहिजे."

ळ जेवलेला होता. ही ताईच! काय म्हणावं हिला? पदरात दोन पोरं आहेत.

६ मार्च

ताईकडे जायचं नाही. पाळत असेल.

८ मार्च

सगळ्या पेंटरांसाठी अक्षरांचा नवा नमुना मीच काढून द्यायचा होता. त्यात जेवलेला ळ घातला. साहेबांनी धड न बघता सही ठोकली. वर म्हणाले, "छान, ठसठशीत आहे."

१९ मार्च

गावभर 'वेळ पाळा'. चाळीस पाट्या, ऐंशी ळ, सगळे पोटभर जेवलेले. शाळेतली पोरंही तसाच गिरवतात. आज साहेबांना उशिरा उजेड पडला. फोटो बघतात, नमुना बघतात, नमुन्यावरची स्वतःची सही बघतात. "मंजूर अक्षरासाठी धरायचं कुणाला? फाइल बंद करा." बाबा असते तर पोट धरून हसले असते. आज फार आठवण आली त्यांची.

२० मार्च

ताईकडे गेलो. म्हटलं, "सुटलीस बाई. पुन्हा असलं काही करू नकोस, हात जोडतो."

ती म्हणाली, "मी? अरे, मला वाटलं तू लिहिलंस."

भिंतीवर लिहिलं गेलं तेव्हा तो ळ आम्हा तिघांनाच येत होता.