टकलू काकाची मिशी

१२ ऑक्टोबर
'बेशरम गल्ली'च्या दिवाळी स्पेशलचा प्रोमो पाहिला. माझी पुतणी विशाखा या कार्टून मालिकेची चित्रं काढते. पुढारी असो की देव, कुणालाच सोडत नाहीत हे लोक. या वेळी एक टकलू काका आहे. झुपकेदार मिशी. शेजाऱ्यांकडून आलेला फराळ परस्पर दुसऱ्या शेजाऱ्यांना वाटतो.
टक्कल, मिशी, फराळ. मीच! घरात कुणीतरी फितूर आहे.

१३ ऑक्टोबर
बायकोवर दाट संशय. रत्नमाला फोनवर विशाखाशी बराच वेळ कुजबुजत होती. विचारलं तर म्हणाली, भाजणीचं प्रमाण सांगत व्हते. प्रमाण कुजबुजून सांगतात?

१५ ऑक्टोबर
पुरावाच नष्ट केला. मिशी साफ. रत्नमालाच्या हातातला झारा पडला. म्हणाली, आवो, कोण गेलं?
दुपारी शेजारचे इलियासभाई आले. हात धरून म्हणाले, अल्लाह सब्र दे, लई वाईट झालं. कोण गेलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

१६ ऑक्टोबर
गल्लीत बातमी फिरली. कुणी म्हणतं पैठणची आत्या, कुणी म्हणतं कन्नडचा मावसभाऊ. आता नाही म्हणावं तर मिशी का काढली ते सांगावं लागेल. रत्नमाला बोलत नाही. फितुरांचं असंच असतं.

२० ऑक्टोबर
सुतकाच्या घरी तळण होत नाही, म्हणून अख्ख्या गल्लीनं फराळ आणून दिला. करंज्या, अनारसे, चिवडा. टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाही. मला फराळ वाटायला लावण्याचा हा विशाखाचाच डाव. पण मी बधणार नाही. एक शंकरपाळा बाहेर जाणार नाही!

२१ ऑक्टोबर
अन्न वाया घालवणं पाप. सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब यांच्याकडं चकल्या पाठवल्या. त्यांच्याच निघाल्या. त्यांचा निरोप आला, कडक झाल्या व्हत्या का?

२३ ऑक्टोबर, सकाळ
आज सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर एपिसोड. भाषण पाठ आहे. गल्ली हसायला लागली की उठायचं, या पात्राशी माझा काडीचा संबंध नाही म्हणायचं, आणि विशाखाकडं रोखून पाहायचं.

२३ ऑक्टोबर, एपिसोडनंतर
टकलू काका आला. गल्ली हसली. मी उठणार तेवढ्यात आप्पासाहेब उठले. टोपी काढून टक्कल दाखवलं, मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, आरं, ह्यो तर मीच हाय! टाळ्या, शिट्ट्या. विशाखानं म्हणे त्यांना विचारूनच काका काढला होता. माझ्याकडं कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
विशाखाला जिन्यात गाठलं. विचारलं, आणि मी? म्हणाली, आहात ना काका, शेवटच्या आरतीच्या गर्दीत. काकूनं हट्टच धरला होता, यांना कुठंतरी घे म्हणून.
मोबाइलवर पुन्हा पाहिलं. आहे गर्दी. फार लांबून आहे. चेहरे काढलेले नाहीत.