कोरा करू नकोस

मंगळवार, तारीख अकरा

प्रिय दादा,

नमस्कार. आईला वाकून नमस्कार, आणि तिला सांग की गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही, तो बांधावा लागतो. मी ठीक आहे. खोकला गेला. दुसरं सत्र अर्धं संपलं, उरलेलं अर्धं बहुतेक मला संपवेल. तुझं चष्म्याचं दुकान काय म्हणतंय? गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढची भिंगं बदलत ‘आता दिसतंय? आता?’ असं विचारताना अजून तूच पुढे वाकतोस का?

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस, आणि त्या ‘हं’पुढे मी घडाघडा सगळं बोलून मोकळी होते, नको तेही. मेसेज करावा तर तू अंगठा पाठवतोस. म्हणून तू दिलेल्या टॅबलेटवरच त्याच्या पेनने हे लिहितेय. कॉलेजात छापून घेईन आणि कुरियरने पाठवीन. अक्षर माझंच आहे, कुत्र्याचे पाय मांजराला.

मुद्द्याचं आधी सांगते. येत्या रविवारी तो लॅपटॉप दुकानात देऊ नकोस. कोरा करून घेऊ नकोस. मला तो नको आहे.

गेल्या आठवड्यात मीच फोनवर रडगाणं गायले, की टॅबलेटवर भागत नाही, वर्गात सगळ्यांकडे लॅपटॉप आहेत. तू लगेच म्हणालास, “घरात एक पडून आहे. पुढच्या रविवारी दुकानात नेतो, कोरा करून घेतो आणि पाठवतो.” कुणाचा ते तू बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. मी ‘बरं’ म्हणाले. ते ‘बरं’ मी परत घेते.

कारण विचारशील. कारण टॅबलेटवर माझं उत्तम चाललंय.

एक तर तो हलका आहे. बाकीची मुलं पाठीवर सिलिंडर बांधल्यासारखी वाकून येतात आणि वर्गात शिरल्या शिरल्या भिंतीतल्या प्लगवर तुटून पडतात. मी आपली पिशवीतून वही काढावी तसा तो काढते. पेन टेकवलं की रेघ उमटते. तळवा टेकला तरी बिघडत नाही, त्याला फक्त पेनाचं टोक कळतं. चूक झाली की दोन बोटं टेकवायची, शेवटचं केलेलं गेलंच म्हणून समज. हे पत्रही तसंच लिहितेय, त्यामुळे तुला खाडाखोड दिसणार नाही. झाली नाही असं नाही, भरपूर झाली आहे.

आता बाकाचं सांगते. या सत्रात आम्हाला दवाखान्याबाहेर ताटकळणाऱ्या माणसांसाठी बाक करायचं होतं, पेशंटबरोबर आलेल्यांसाठी. मी टॅबलेटवर काढलं. दोन बोटांनी मोठं कर, लहान कर, पाठ जरा कलती कर. रेखाटनाच्या बाई म्हणाल्या, “काय सुरेख रेघ आहे तुझी!” मी हवेत. मग कार्यशाळेत पुठ्ठ्याचं, खऱ्या मापाचं बाक उभं केलं आणि फर्निचरचे सर त्यावर बसले. दादा, सरांचे पाय जमिनीला लागेनात. शाळेतल्या पोरासारखे लोंबकळत राहिले. बोटांनी लहानमोठं करायच्या नादात मूळ माप किती ठेवलंय हे मी पाहिलंच नव्हतं.

“कोण येणार आहे दवाखान्यात?” सर वरूनच म्हणाले. “जिराफ?”

सगळे हसले. सर उडी मारून उतरले आणि मग शांतपणे म्हणाले, “टॅबलेटवर चित्र होतं, वस्तू होत नाही. लॅपटॉप आण. तिथे आधी माप सांगितल्याशिवाय रेघ पुढे सरकत नाही.” बाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, “मापाला घाबरली तर हिची रेघ जाईल. राहू दे तिला टॅबलेटवर.” मग ते दोघं माझ्या डोक्यावरून भांडत राहिले आणि मी त्या उंच बाकाला धरून उभी. मला दोघांचंही पटत होतं. हेच झालंय माझं इथे. सकाळी वाटतं टॅबलेटच बरा, संध्याकाळी वाटतं लॅपटॉपशिवाय काही खरं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बघ, टॅबलेटची बाजू मांडायला निघाले होते!

पण त्यावरही उपाय निघाला. माझ्या रूम पार्टनरने सुचवला. ती विद्यार्थिनी नाही, कॉलेजच्या कार्यशाळेत नोकरी करते, मुलांना मॉडेलं बनवायला शिकवते. बाक पाहून तीही हसली, पण नंतर खोलीवर आल्यावर म्हणाली, “आधी माणूस काढ. खऱ्या मापाचा. मग त्याच्या बुडाखाली बाक सरकव.” तेव्हापासून माझ्या प्रत्येक पानावर आधी एक माणूस येऊन बसतो, हवेतच, आणि त्याला टेकायला काय द्यावं ते मी पाहते. नवीन बाक आम्ही दोघी मिळून करतोय, खोलीतच, तिच्या कॉटवर पसारा मांडून. ती घरात शार्पनर असतानाही पेन्सिल ब्लेडनेच तासते आणि तासताना ओठ असे आत दाबून धरते. चहा उभ्याने पिते. म्हणजे पीत नाही, कप खिडकीत ठेवून विसरते, मग तो गारढोण झालेला चहा एका घोटात संपवते आणि वर म्हणते, “छान झाला होता.”

बुधवार

काल इथेच पेन खाली ठेवलं. वरची चार वाक्यं पुसायला दोन बोटं उचललीही होती, पण म्हटलं राहू दे. तुला कळलंच असणार. गार चहाला छान म्हणणारी माणसं आपल्या ओळखीत आहेतच किती?

हो. माझी पार्टनर म्हणजे वहिनी. आणि तुझा तो पडून असलेला लॅपटॉप तिचा आहे, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

मी तिला शोधत आले नव्हते रे. ‘बाहेरगावी नोकरी मिळतेय’ असं ती म्हणाली तेव्हा तू ‘कुठे’ असं विचारलंच नव्हतंस, नुसतं ‘जा’ म्हणालास. मग मला तरी कुठून कळणार? इथे आल्यावर पहिल्यांदा कार्यशाळेत गेले, तर करवतीच्या मशीनपाशी ती पाठमोरी उभी. मला पाहून तिने आधी मशीन बंद केलं, मग गॉगल काढला, मग विचारलं, “जेवलीस का?” मला रडूच आलं. पुढे वसतिगृहात जागा मिळेना, तेव्हा ‘माझ्याकडे एक कॉट रिकामी आहे’ म्हणाली. मी गेले. तुला सांगितलं नाही. राहून गेलं असं नाही, सांगितलं नाही.

कसं सांगणार होते? घरात तिचा विषयच निघत नाही. ती निघून गेल्यावर तू येईल त्याला ‘ती गेली’ एवढंच सांगत होतास, आणि समोरचा शिंपी चेहरा पाडून भेटायला आला होता, आठवतं? “कशाने गेल्या हो?” असं त्याने हळूच विचारलं आणि आई आतून म्हणाली, “बसने!” मी हसून हसून स्वयंपाकघरात बसले. तू हसला नाहीस. त्यानंतर तुझे ते दोन शब्दही बंद झाले.

इथेही काही सरळ नाही. “मला वहिनी म्हणू नकोस,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “नावाने हाक मार.” आता एवढ्या मोठ्या बाईला मी नावाने कशी हाक मारू? जीभ उचलत नाही. ताई म्हणून पाहिलं तर आम्ही दोघीही अवघडलो. म्हणून मी तिला काहीच म्हणत नाही. ‘अगं, ऐक ना’ एवढ्यावर आमचं घर चाललंय. ती गॅलरीत असली तर मी उठून जाते, कारण लांबून हाक मारायला माझ्याकडे शब्दच नाही.

तर, तू लॅपटॉपचं म्हणालास ते मी तिला सांगितलं. लपवायला जमलं नाही. ती पुठ्ठ्याच्या कडा चिकटवत होती. वर न बघता म्हणाली, “करू दे कोरा. तुला उपयोगी पडेल.”

“अगं, सहा वर्षांचं काम आहे तुझं त्यात.”

“मग? मी ठेवून आलेच ना?”

विषय संपला. मला खरंच वाटलं की संपला, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, हिची हरकत नाही, दादाची नाही, मला लॅपटॉप मिळतोय. दोन दिवसांनी ती कप विसळत होती. माझ्याकडे पाठ. नळ सुरूच ठेवून म्हणाली, “रविवारीच म्हणाला का तो?”

मी ‘हो’ म्हटलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि धुतलेलाच कप परत धुवायला लागली.

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. तिला तिचे आराखडे हवेत, की तुझ्याबद्दल काहीतरी ऐकायचं होतं, की नुसता वार माहीत करून घ्यायचा होता? तू माणसांच्या डोळ्यांत बघून नंबर सांगतोस, तूच सांग. मी विचारायला गेले तर ती म्हणेल, “अभ्यास कर.”

आता माझं खरं ऐक. मला लॅपटॉप हवा आहे. टॅबलेटवर आमचं जड सॉफ्टवेअर चालतच नाही. महिनाअखेरीला बाकाची फाईल सरांना हवी तशी दिली नाही, तर हे सत्र पुन्हा करावं लागेल. कॉलेजच्या संगणक खोलीत मशीनं आहेत, तिथे रांग लावते. कधी मिळतं, कधी मिळायच्या आत शिपाई कुलूप घेऊन उभा असतो. म्हणजे हे पत्र लिहून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय. आणि कुणासाठी, ते मला धड सांगताही येत नाही. तिच्यासाठी म्हणावं तर ती नको म्हणाली आहे. तुझ्यासाठी म्हणावं तर तू काही मागितलेलं नाहीस. बाबा गेल्यावर, आणि ते खरेच गेले, तू माझं शिक्षण काही कमी पडू न देता केलंस. तुझ्याशी लपवाछपवी करताना मला घास गिळवत नाही. पण तिच्या ताटासमोर बसून तुझी बाजू घ्यायलाही तोंड उघडत नाही. कधी वाटतं बाजू घ्यायचीच कशाला. मग वाटतं, न घेणं हा पळपुटेपणा आहे. मला काही म्हणजे काही कळत नाही, दादा. मला तुमची दोघांची मिळून आठवण येते. ती समोर बसलेली असते तरी येते.

एकच कळतं. तू तो लॅपटॉप रागाने कोरा करत नाहीयेस. राग असता तर केव्हाच केला असतास, इतके महिने कपाटात कशाला ठेवला असतास? तू करतोयस ते माझ्यासाठी, माझं अडू नये म्हणून. तेच मला सहन होत नाही. तिचं सगळं पुसलं जाणार, आणि कारण काय, तर मी.

म्हणून म्हणते, पाठवू नकोस, दुकानात नेऊ नकोस, आहे तिथे राहू दे. तिचं काम दुसरीकडे उतरवून घे म्हणावं, तर तिला न विचारता ते उघडायचं कुणी? पुढचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. माझं सत्र मी रांगेत उभी राहून पार पाडेन, नाही पडलं तर पुन्हा करेन. सत्र पुन्हा करता येतं.

हे पत्र लिहितेय ते तिला माहीत नाही. ती समोर बसून बाकाचा चौथा पाय कापतेय, तिला वाटतंय मी गृहपाठ करतेय. रागावलास तर मला फोन कर आणि ‘हं’ सोडून काय वाटेल ते बोल, मी निमूट ऐकून घेईन. नाही रागावलास तर मला करू नकोस, तिला कर. तिचा नंबर तोच आहे. का बदलला नाहीस असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, “कंटाळा.” आणि रोज रात्री न विसरता तो फोन चार्जिंगला लावते.

आईला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. तिला बहुतेक माहीत आहे.

तुझी बहीण,
आणि अजून तरी तिची नणंद