हात न उचलता बापपण परिषद

८ जानेवारी, सोमवार. सकाळी.

आजपासून कुणावरही हात उचलायचा नाही. हे मी स्वतःहून ठरवलं आहे. रोहिणीनं अट घातली म्हणून नाही.

अट अशी आहे. रोहिणी, म्हणजे माझी बायको, दिवाळीपासून परळीला माहेरी आहे, केदारला घेऊन. कारण किरकोळ. केदार बारा वर्षांचा. आमच्या पाईप-मोटारपंपाच्या दुकानातल्या नव्या मोटारीची वायर ओढत बसला होता. मी पीव्हीसी पाईपचा तुकडा त्याच्या पाठीवर टेकवला. पाईप फुटला. आयएसआय मार्कचा पाईप असा फुटतोच कसा, यावर कुणी एक शब्द बोलत नाही. सगळे पाठीबद्दल बोलतात. कंपनीला तक्रार करायची आहे.

काल फोनवर रोहिणी म्हणाली, तुमी केजात कुणाला चापट जरी मारली तरी मला तासाभरात कळतंय. महिनाभर हात आवरून दाखवा, मंग केदारला एक दिवस सोमनाथसंगं पाठविते. पोरगं हसत माघारी आलं तर पुढचं बोलू. सोमनाथ तिचा धाकटा भाऊ. मी म्हणालो, महिनाभर काय, वर्षभर. फोन ठेवताना टेबलावर मूठ आपटली, पण टेबल माणसांत धरत नाहीत.

१० जानेवारी. दुपारी.

बीडच्या समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी मागेच सांगितलं होतं, 'वडिलांचा गट' असतो, त्यात जाऊन बसा. गटात बसणारा माणूस मी नव्हे. जो जातो तो श्रोता, जो भरवतो तो अध्यक्ष. त्यांच्याकडून विद्यापीठातल्या प्रियदर्शनी मॅडमचा नंबर घेतला.

मॅडम बापांवर संशोधन करतात. त्यांचं म्हणणं, विद्यापीठात बापांचा अभ्यास करणारे आहेत आणि गावात बापांशी रोज गाठ पडणारे आहेत, अंगणवाडीताई, मास्तर, डॉक्टर, समुपदेशक. पण या दोघांची एकमेकांशी भेटच होत नाही. ती घडवली तर बापांना काही मदत करता येईल. मी म्हणालो, बापाला कसली मदत, बाप स्वतःच मदत असतो. त्यांनी ते लिहून घेतलं. विद्वान बाई आहेत, चांगलं वाक्य ओळखतात.

ठरलं. महिना संपल्यावर, ११ फेब्रुवारीला, केजला बापपण परिषद, केदारही त्याच दिवशी येईल. अध्यक्ष मी. पेपरात फोटो आला की परळीचे सासरे स्वतः रोहिणीला जीपमध्ये बसवून देतील.

अण्णांना सांगितलं. अण्णा माझे वडील, दिवसभर गल्ल्याशेजारी काठी घेऊन बसलेले असतात. म्हणाले, बाप व्हायला परिषद कावून लागती बे? म्या काय परिषद भरवून तुला काढलं होतं? अण्णांना आता नीट उभं राहता येत नाही. तरी मी त्यांच्या काठीच्या टप्प्यात बसत नाही. चाळिशी उलटली तरी नाही. याला आदर म्हणतात. आजच्या पोरांना कळायचं नाही.

१५ जानेवारी, संक्रांत.

गोड बोलण्याचा सण. धर्मराज फ्लेक्सवाल्याकडे तिळगुळाचा डबा घेऊन गेलो. फ्लेक्स तयार होता. वर सगळ्यात मोठा फोटो विजयसिंहाचा, त्याच्या खाली, कोपऱ्यात, मी. विजयसिंह म्हणजे बागायतदार आणि पुढारी. वर्गणी दिली नाही, फोटो मात्र स्वतः नेऊन दिला.

मी धर्मराजला तिळगूळ दिला. गोड बोललो. तो म्हणाला, साहेबांचा फोटो खाली केला तर साहेब माझं दुकान खाली करतील. मग मी डबा त्याच्या डोक्यावर ठेवला. जरा जोरात ठेवला गेला. स्टीलचा होता. टाके पडले.

हात उचललेला नाही. डबा उचलला. दोन्हीत फरक आहे आणि तो रोहिणीला पटेल.

१७ जानेवारी.

पटला नाही. मी सांगितलं, धर्मराजला शटर लागलं. ती म्हणाली, शटरला तीळ कवापासून चिकटायला लागले.

आता झालं, असं वाटलं. पण मग म्हणाली, केदारच यायचं म्हणतोय, मला काय समजंना झालंय. तुमचं नाव काढलं की पांघरुणात जातंय अन् वर केजला यायचंबी म्हणतंय. मी म्हणालो, रक्त आहे, ओढ असणारच. ती म्हणाली, ही शेवटची बारी.

बापाची ओढ ही काय चीज आहे, यावर भाषणात एक परिच्छेद टाकायचा.

२४ जानेवारी.

मॅडमसोबत व्हिडिओ मीटिंग. फ्लेक्स दाखवला. माझा फोटो आता वर आहे, विजयसिंहाचा त्याच्याच शेजारी, केसभर लहान. मॅडमनी विचारलं, एवढे बाप आहेत, यात लेकरं कुठे आहेत? मी म्हणालो, लेकरांनी वर्गणी दिलेली नाही. त्या बराच वेळ स्क्रीनवर हलल्याच नाहीत. नेटवर्क गेलं असावं.

त्यांना सत्कार नकोत. म्हणे एक 'ऐकण्याचं सत्र' ठेवू. लेकरं बोलतील, बापांनी फक्त ऐकायचं, मधे तोंड उघडायचं नाही. मी हो म्हणालो आणि सत्कार ठेवले. मॅडम बाहेरच्या. बीड जिल्ह्यात एखाद्याच्या डोक्यावर फेटा बांधायचा राहिला तर तीन पिढ्या वैर चालतं, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या भिवराबाईही मीटिंगला होत्या. म्हणाल्या, बापलोक लेकरू दारातूनच टाकून पळतेत. मग सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, तुमचं केदार लई गुणी होतं, पण मोठा आवाज झाला की टेबलाखाली जायचं. मी म्हणालो, पहिल्यापासून चपळ आहे.

१ फेब्रुवारी. सकाळी.

प्रगती चांगली. राग आला की हात खिशात घालायचे, ही पद्धत मी शोधून काढली आहे. मॅडमना सांगणार आहे, संशोधनात घ्या म्हणून.

आज एक गिऱ्हाईक जळालेली मोटार परत घेऊन आलं आणि मला चोर म्हणालं. हात खिशात. त्याच्या मोटारसायकलला लाथ मारली. मोटारसायकलवर तो बसलेला होता. नाल्यात गेला, पण नाला कोरडा आहे. परळीला बातमी जाऊ नये म्हणून त्याला नवी मोटार आणि घरी सोडायला माणूस दिला.

त्याच दिवशी दुपारी.

राग आला की पाणी प्या, असं मॅडमनी सुचवलं होतं. प्यालो. पाणी संपलं, तांब्या हातात राहिला. भिंतीवर मारला. भिंतीवरून उडून अण्णांच्या गुडघ्यावर आला.

अण्णा उठले. दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उठले. काठीनं मला गल्ल्यापासून पार गोदामाच्या दारापर्यंत झोडपलं. गिऱ्हाइकं बघत होती. मी डोकं झाकून उभा राहिलो. काय करणार, वडील आहेत. नंतर दम लागून बसले आणि माझ्यासाठी चहा सांगितला, आलं घालून. बिस्किटंही. फार दिवसांनी त्यांच्या जवळ बसलो. छान वाटलं. अण्णांची तब्येत नक्कीच सुधारते आहे.

१० फेब्रुवारी.

भाषण तयार. 'मार हा मायेचाच कडक प्रकार आहे' या वाक्याला टाळ्या पडतील. केदारसाठी नवा शर्ट घ्यायला गेलो. दुकानदारानं माप विचारलं. मला सांगता येईना. हातानं उंची दाखवली. नंतर वाटलं, आता जरा वाढला असेल. मोठाच घेतला.

उद्या एक दिवस फक्त. मग सगळं जाग्यावर येईल. रोहिणीची साडी अजून दोरीवरच आहे, मी काढू दिली नाही.

११ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

केदार आला. खूप वाढला आहे. शर्ट घट्ट होतो. पाया पडला आणि पाया पडूनच मागे सरकला. सोमनाथ म्हणाला, दाजी, ताईनं सांगितलंय, पोरगं माझ्या नजरेआड व्हायचं न्हाई. माझ्या आणि केदारच्या मधे बसून पोहे खाल्ले त्यानं. माझे हात खिशात.

हॉल भरला. विद्यापीठातले पाच-सहा जण आलेत, मॅडम धरून. डॉक्टर, मास्तर, अंगणवाडीच्या बायका, सगळे आलेत. संशोधक आणि काम करणारे एका छताखाली. हे मी केलं. रोहिणीनं बघायला पाहिजे होतं.

११ फेब्रुवारी. संध्याकाळी, डाव्या हातानं.

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वाईट येतंय. झालं तसं लिहून ठेवतो.

सत्कार जेवणापर्यंत चालले. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचा फेटा कानावर आल्यामुळे त्यांना काही ऐकूच येत नव्हतं, ते नुसते मान हलवत होते. मग मॅडमनी माईक घेतला आणि म्हणाल्या, आता मुलांचं ऐकू. पहिल्या रांगेत आम्ही बाप. समोर लेकरं. प्रश्न एकच. वडील सगळ्यात चांगले कधी वाटतात?

एक पोरगी म्हणाली, ट्रॅक्टरवर पुढं बसवतेत तवा. एक म्हणाला, आजारी पडतेत तवा, घरीच असतेत. सगळे हसले. मग माईक केदारकडे गेला. मी ताठ बसलो.

केदार म्हणाला, मारून झाल्यावर.

मॅडमनी विचारलं, म्हणजे कसं बाळा? तो म्हणाला, मारून झालं की पप्पा लई चांगले असतेत. जिलबी आणतेत. डोक्यावरनं हात फिरवतेत. म्हणून कधी कधी मी मुद्दाम काहीतरी करतो. लवकर होऊन जावं म्हणून. वायर बी मुद्दामच ओढली होती.

मी गप्प राहिलो. नियमच तसा होता, बापानं तोंड उघडायचं नाही. मी नियम पाळला, याला सगळे साक्षी आहेत. छातीत मात्र काहीतरी फार दुखायला लागलं. तेवढ्यात शेजारून विजयसिंह मोठ्यानं हसला. म्हणाला, मंग रोज मारीत जा की बे योगीराज, पोराला रोज जिलबी.

मी खिशातून हात काढले.

माईकचा स्टँड लोखंडी होता. विजयसिंहाचा फेटा जाड होता म्हणून वाचला, पण दुसरा फटका तोंडावर बसला आणि त्याचे दात सत्काराच्या शालीवर पडले. त्याची माणसं आली. माझी माणसं आली. मग कुणाचा कोण, कळेना झालं. सत्काराचे नारळ हवेतून यायला लागले. एक मास्तरांच्या भुवईवर फुटला. आदर्श बाप म्हणून ज्यांना सकाळी मी शाल घातली, त्या दोघांनी त्याच शालीनं एकमेकांचे गळे आवळले. बापपणावर पुस्तक लिहिलेले प्राध्यापक स्टेजखाली गेले ते पोलीस येईपर्यंत बाहेर आले नाहीत. सोमनाथ मला ओढून बाहेर काढत होता. मी बघितलंच नाही कोण आहे ते. कोपर मारलं. त्याचं नाक मोडलं. मग कुणीतरी माझा हात मागून धरला आणि पिळला, मनगटातून कट्‌ असा आवाज आला. फ्लेक्स खाली आला आणि लोक आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून पळाले.

लेकरांना भिवराबाईंनी आधीच भटारखान्यात नेऊन आतून कडी घातली होती.

पोलिसांनी पांगवल्यावर मी स्टेजच्या कडेला बसलो होतो. डोळ्यात रक्त येत होतं, शर्टाच्या बाहीनं पुसत होतो. भटारखान्याचं दार उघडलं आणि केदार आला. एकटा. मोडक्या खुर्च्या ओलांडत सरळ माझ्याकडे आला आणि मला चिकटून बसला. सकाळी मागे सरकलेलं पोरगं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. मला रडू आलं. मनात म्हणालो, जिंकलो. काहीही होवो, परिषद यशस्वी झाली.

मग त्यानं हळूच विचारलं, पप्पा, झालं ना आता? मी म्हणालो, झालं. तो म्हणाला, मंग आता किती दिवस?

मी विचारलं, कशाचे? म्हणाला, चांगले राहायचे.

कायमचे, असं म्हणायचं होतं. तो माझ्याकडे बघत वाट पाहत होता. अजिबात घाबरलेला नव्हता. चेहऱ्यावर हसू होतं. ते बघून मला माझीच भीती वाटली. मी काही बोलायच्या आत सोमनाथ नाकाला रुमाल लावून आला आणि त्याला हाताला धरून घेऊन गेला.

१२ फेब्रुवारी. दुपारी.

हात प्लास्टरमध्ये आहे. विजयसिंहानं केस केली आहे. पेपरात फोटो आला, फ्लेक्सचा. मॅडमचा मेसेज आला, केदार कसा आहे एवढाच. अण्णा म्हणाले, दोन दात पाडले हे बरं केलंस. पेढा दिला. मी खाल्ला नाही.

रोहिणीचा फोन आला. मला वाटलं शिव्या देईल. सावकाश बोलत होती. म्हणाली, पोरगं हसतच माघारी आलंय. रात्रीपास्नं बॅग भरून बसलंय. केजला जायचं म्हणतंय, पप्पा आत्ता चांगले हायेत म्हणतंय, लवकर जाऊ म्हणतंय.

मी ऐकत राहिलो. ती म्हणाली, तेवढ्यासाठीच त्याला पाठवणार न्हाई मी. कवाच न्हाई.

मी म्हणालो, नको पाठवू.

ती थांबली. तिला बहुतेक ऐकू गेलं नसावं असं वाटून मी परत एकदा म्हणालो. फोन कुणीच ठेवला नाही. मागून केदारचा आवाज येत होता, जीप किती वाजता हाय म्हणून विचारत होता.